छटाकभर पिल्लाचा हेवा

मी जुना आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे कुणी दाखवून द्यायला नको. माझ्या दांडीवरचे आकडे काही ठिकाणी पुसट झाले आहेत आणि पारड्याचा पांढरा रंग कडेकडेने उडाला आहे. मित्रांनो, मी वजनकाटा आहे. भाजीचा नाही, सोन्याचाही नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळांचं वजन करण्यासाठी मला घडवलं. तुमच्यापैकी कुणी जगात आल्या आल्या एखाद्या गार पत्र्यावर पडून टाहो फोडला असेल, तर तो पत्रा माझ्याच एखाद्या भावंडाचा असणार. त्याबद्दल माफ करा. आम्ही गारच असतो.

मी माझी गोष्ट सांगतो, पण ती सांगताना एका मांजराच्या पिल्लाबद्दल थोडं वाईटसाईट बोलणार आहे. ते मला टाळता येत नाही. शेवटी माझ्याबद्दलही थोडं वाईट बोलेन, म्हणजे फिट्टंफाट होईल.

माझा जन्म पत्र्याच्या छताखाली, एका लहानशा कारखान्यात झाला. आधी लोखंडी बैठक ओतली. मग पितळेची दांडी कापून तिच्यावर एकेक आकडा ठोकला. पत्रा वाकवून होडीसारखं खोलगट पारडं केलं, म्हणजे हातपाय झाडणारं बाळ बाहेर पडू नये. सगळ्यात शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने पोलादाची एक धार दोन दिवस घासली. ही धार म्हणजे माझं काळीज. सगळी दांडी तिच्यावर तोललेली असते. ती धार स्वच्छ आणि सरळ असली, तर काटा खरा.

माझं काम सोपं आहे. बाळाला पारड्यात ठेवायचं. दांडीवर एक सरकतं वजन असतं, ते हळूहळू पुढे न्यायचं. दांडी आडवी, अगदी सरळ झाली की वजन जिथे थांबलं तिथला आकडा वाचायचा. बस्स.

कारखान्यातून मी एका प्रसूतिगृहात गेलो आणि तिथे मला सिस्टर भेटली. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. डॉक्टर, झाडूवाली, बाळंतिणी, त्यांच्या सासवा, सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिचे हात लाल, खरबरीत आणि फार हुशार होते. रडणारं बाळ तिच्या हातात आलं की क्षणभर गप्प होई आणि माझ्या पारड्यात आलं की पुन्हा सुरू.

बाळ झालं की आई विचारायची, "सगळं नीट आहे ना?" आणि लगेच, "वजन किती?" हा दुसरा प्रश्न माझा होता. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायचा. मोठे डॉक्टर म्हणायचे, "आकडा त्या कोपऱ्यातल्या काट्याचाच सांगा, बाकीचे थापा मारतात." असं कौतुक ऐकलं की माझी पितळी दांडी उगाचच जास्त चमकते आहे असं मला वाटे.

एक बाळ मला अजून आठवतं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं होतं. एक किलो शंभर ग्रॅम. अकरा दिवस ते तेवढ्यावरच अडून बसलं. रोज सकाळी सिस्टर त्याला माझ्यावर ठेवायची, तोच आकडा लिहायची आणि उचलायची. बाराव्या दिवशी दांडी वर गेली. सिस्टरने वजन एक घर पुढे सरकवलं, पुन्हा पाहिलं आणि त्या बाईला हाताला धरून माझ्यापाशी आणलं. "घे, तूच वाच." बाईला डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसेना. मग सिस्टरनेच मोठ्याने वाचलं, "पंधरा ग्रॅम वाढलं गं तुझं पोर!" त्या दिवशी दवाखान्यात पंधरा ग्रॅम हे जगातलं सगळ्यात मोठं वजन होतं.

पुढे लाल दिव्यात आकडे दाखवणारा विजेचा काटा आला. मला सामानाच्या खोलीत ठेवलं. ज्या पारड्यात बाळं निजली, त्यात कुणीतरी ओलं फरशी पुसायचं फडकं टाकून जाई. दोन वर्षं मी ते सोसलं. मग सिस्टरच्या निवृत्तीचा दिवस आला. भिंतीवरचं मोठं घड्याळ देऊ का, असं सगळ्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "घड्याळ नको. आता मला कुठे वेळेवर पोचायचंय? तो आतला जुना काटा द्या." रिक्षात ती मला मांडीवर घेऊन बसली. आख्खा रस्ता.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर ही बाई आपलीच आहे असं तुम्हाला वाटलं नसतं का?

सिस्टरचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरची खोली, तिच्याच एका बाजूला ओटा, आणि आत निजायची खोली. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते. मला खिडकीजवळच्या टेबलावर जागा मिळाली. माझ्या पारड्यात किल्ल्या, चष्मा, आलेली पत्रं आणि कधी दोन केळी असत. रोज सकाळी चहाचा कप घेऊन सिस्टर माझ्यापुढे उभी राही, सरकतं वजन मागे नेई आणि विचारी, "काय रे, शून्यावर आहेस ना?" मी असायचो. रविवारी लिंबाची फोड घेऊन ती माझी दांडी घासायची. अशी आठ वर्षं गेली. त्या घरात ती होती आणि मी होतो. मला तिसरं कुणी नको होतं.

तिसरं आणलं खालच्या मजल्यावरच्या सुताराने.

दाराची कडी बसवायला तो वर आला होता. काम करता करता म्हणाला, "सिस्टर, आमच्याकडे भुशाच्या खोक्यात मांजर व्यायलीये. चार आहेत. एक घेऊन टाका."

"मी? मला काय करायचंय या वयात?"

"या वयातच तर करायचं. घर किती गप्प आहे तुमचं. पण लगेच देणार नाही हां. आठ आठवडे आईजवळ राहू द्यायचं. आधी तोडलं की पिल्लू चावरं होतं आणि आजारीही पडतं."

"हे मला सांगतोस?" सिस्टर हसली. पण ती नाही म्हणाली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. सिस्टरला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ती फोनचा आवाज मोठा ठेवते. त्यामुळे या घरातली कुठलीच गोष्ट माझ्यापासून लपून राहत नाही.

"आई, मांजर पंधरा-अठरा वर्षं जगतं," मुलगी म्हणाली. "तू सदुसष्टची आहेस. हिशेब केलास का?"

"केला. शेवटची काही वर्षं ते तुझ्याकडे राहील."

"म्हणजे मला वारशात मांजर?"

"दागिने नाहीत बाई माझ्याकडे. मांजर घे."

दोघी खूप हसल्या. मग मुलगी गंभीर झाली आणि म्हणाली, "बरं. खरंच तशी वेळ आली, तर मी नेईन. शब्द देते." मित्रांनो, पिल्लू घरात यायच्या आधीच त्याची पुढची अठरा वर्षं ठरली. माझं पुढे काय, हे त्या फोनवर कुणी विचारलं नाही. मी तिथेच तर होतो, हाताच्या अंतरावर.

मग ते आलं. बुटांच्या खोक्यातून आलं. करड्या रंगाचं, कान डोक्यापेक्षा मोठे, आणि आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. सिस्टरने सगळ्यात आधी काय केलं असेल? माझ्या पारड्यातून किल्ल्या काढल्या, चष्मा काढला, पत्रं काढली. तिथे लोकरीचं मऊ कापड अंथरलं. बाळांना आम्ही पातळ फडकं घालत असू. लोकर त्यांच्यातल्या कुणालाही मिळाली नव्हती.

पाचशे वीस ग्रॅम. पंचेचाळीस वर्षांत माझ्यावर इतका हलका जीव कधी ठेवला गेला नव्हता.

"अगं बाई, छटाकभर तर आहेस!" सिस्टर म्हणाली. "छटाकच म्हणू तुला."

छटाक म्हणजे जुन्या मापातला शेराचा सोळावा हिस्सा. म्हणजे बघा, नावसुद्धा माझ्या धंद्यातलं उचललं! आठ वर्षं मी घरात होतो, मला ती "काय रे" म्हणायची. याला पहिल्या पाच मिनिटांत नाव.

आणि तेवढ्यात त्या पिल्लाने लोकरीवर शू केली. बाळांनीही माझ्यावर केली आहे, शेकडो वेळा, मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण ती बाळं होती.

पहिले तीन दिवस ते कपाटाखाली जाऊन बसलं. मला वाटलं, चला, सुटलो. याला घर आवडलेलं दिसत नाही. पण सिस्टर घाबरली नाही. तिने ओढून काढायचा प्रयत्नही केला नाही. कपाटासमोर जमिनीवर बसकण मारली आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लागली. हवामान, बाजारभाव, हरवले-सापडले, सगळं. "आवाजाची सवय होऊ दे. मग येईल बाहेर," असं ती सुताराला म्हणाली. चौथ्या दिवशी हरवले-सापडले चालू असताना एक करडं नाक बाहेर आलं. गुडघे दुखत असताना सिस्टर तीन दिवस जमिनीवर बसली होती. माझ्यासाठी ती कधी जमिनीवर बसली नव्हती. अर्थात मी कपाटाखाली गेलो नव्हतो हेही खरं.

मग रोज नवीन काहीतरी. शी-शूसाठी वाळूचा ट्रे तिने जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवला, तर पिल्लू तिकडे फिरकेना. ट्रे लांबच्या कोपऱ्यात नेला, तेव्हा सुरळीत झालं. बशीभर दूध दिलं, तर पोट बिघडलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून ती ओरडा खाऊन आली आणि मुलीला फोनवर सांगू लागली, "म्हणतात, मांजर दूध पितं हे चित्रातलं. पाणी द्या आणि त्याचं खाणं द्या, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. जंताचं औषध झालं. पहिली लस झाली. शिवणाचा दोरा, रबर, पिशव्या, सगळं उचलून ठेवायला सांगितलंय. अगं, तुझ्या वेळी एवढं नव्हतं!"

पडद्याला भोकं पडली. सिस्टरच्या हातांवर ओरखडे आले. पिल्लू दिवसातले अठरा तास झोपायचं आणि उरलेल्या सहा तासांत घर डोक्यावर घ्यायचं. सुतार म्हणाला, "सांगत होतो ना, दोन घ्या. एकटं असलं की तुमच्या बोटांशीच खेळणार." सिस्टर ओरखड्यांना औषध लावायची आणि हसायची. आठ वर्षांत मी तिला कधी ओरखडा काढला नाही. त्याचं कुणाला काय!

पण खरा घाव वेगळाच होता. सकाळी चहाचा कप घेऊन ती माझ्यापुढे यायची ती आता पिल्लाला काखेत घेऊन. "शून्यावर आहेस ना?" हा प्रश्न बंद झाला. वजन मागे नेऊन दांडीवर एक नजर टाकायची, पिल्लाला ठेवायचं, आकडा वहीत लिहायचा आणि आनंदाने ओरडायचं, "बारा ग्रॅम वाढली!" तोच सूर. शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी काढला होता तोच. मी मनात म्हटलं, हा सूर मांजरासाठी नसतो गं.

दोन आठवड्यांनी, पिल्लू सहाशे ऐंशीवर असताना, तो प्रकार घडला. सिस्टर आत कपड्यांच्या घड्या करत होती. खिडकीच्या काचेवर एक माशी बसली होती. पिल्लाने खुर्चीवरून झेप घेतली ती थेट माझ्या पारड्याच्या कडेवर. पारडं कलंडलं. मी टेबलावरून खाली गेलो, पिल्लूही गेलं. लोखंड फरशीवर आदळलं, त्याचा आवाज जिन्यापर्यंत गेला असेल.

सिस्टर धावत आली. आम्ही दोघं जमिनीवर होतो, ते एका बाजूला आणि मी एका बाजूला. तिने आधी त्याला उचललं. एकेक पाय दाबून पाहिला, पोट पाहिलं, डोळे पाहिले. "काही नाही झालं गं, काही नाही झालं." मग मला उचलून टेबलावर ठेवलं, वजन मागे नेलं. दांडी शून्यावर सरळ थांबली. "हाही ठीक आहे," ती म्हणाली, पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत.

मी ठीक नव्हतो. माझ्या धारेला एका जागी खाच पडली होती. पारडं रिकामं असताना काही कळत नसे. पण ओझं आलं की दांडी त्या खाचेत अडकून बसायची. सरकतं वजन थोडं मागे न्या किंवा थोडं पुढे न्या, दांडी आपली सरळच्या सरळ. म्हणजे समोरच्याला जो आकडा हवा असेल त्याला मी मान डोलवत होतो.

आणि सिस्टरला वाढलेला आकडा हवा असायचा. ती कालच्या आकड्यापासून सुरुवात करायची, एक-दोन घरं पुढे सरकवायची, दांडी सरळ दिसली की लिहायची.

पुढच्याच आठवड्यात पिल्लाला सर्दी झाली. शिंका येऊ लागल्या, नाक वाहू लागलं. सिस्टरने नाक पुसलं, वाफ दिली. वजन पाहिलं: वाढलेलं. ताटली पाहिली: रिकामी. "सर्दी आहे, पण खातेय व्यवस्थित. वजनही वाढतंय. मग काळजी नाही," असं तिने मुलीला सांगितलं.

ताटली कोण रिकामी करत होतं ते मला दिसत होतं. नाक बंद झालं की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही आला तर ते खात नाही. पिल्लू ताटलीजवळ जाई, हुंगायचा प्रयत्न करी आणि परत जाऊन कोपऱ्यात बसे. दुपारी सिस्टर आत जरा पडली की ओट्यावरच्या खिडकीच्या गजांतून एक जाडा बोका आत शिरायचा. त्याच्या मानेवरचे केस गेलेले होते आणि चालण्यात अशी ऐट की घर त्याच्याच नावावर असावं. सगळं चाटूनपुसून खायचा, पिल्लाकडे पाहून एकदा गुरगुरायचा आणि आल्या वाटेने निघून जायचा. रोज.

मित्रांनो, आता माझ्याबद्दलचं वाईट सांगतो. मला बोलता येत नाही. मी काही करू शकत नव्हतो हे खरं आहे. पण मला काही करावंसंही वाटत नव्हतं. पिल्लू दिवसेंदिवस हलकं होत होतं. सिस्टरला माझा आकडा दिसायचा, मला मात्र त्याचं अंगच कळायचं: सहाशे साठ, सहाशे तीस, सहाशे. आणि प्रत्येक सकाळी सिस्टर खोटा आकडा वाचून हसली की माझ्या आत काहीतरी सुखावत असे. वाटे, जाऊ दे. जसं आलं तसं जाईल. पुन्हा किल्ल्या येतील, चष्मा येईल. पुन्हा आम्ही दोघंच.

ज्या पारड्यात अकरा दिवस अडलेल्या बाळासाठी मी आख्ख्या वॉर्डाबरोबर श्वास रोखला होता, त्याच पारड्यात हे चाललं होतं.

मी पडलो त्याच्या दहाव्या दिवशी सकाळी सिस्टरने आठशे वीस हा आकडा लिहिला आणि पिल्लाला उचललं. उचलता उचलता तिचा हात थांबला. तिने पेन खाली ठेवलं. डोळे मिटले आणि पिल्लाला नुसतं तळहातावर तोलून धरलं, बराच वेळ. अंगठा त्याच्या पाठीच्या कण्यावरून खाली नेला. एकेक मणका.

"काटा म्हणतो आठशे वीस," ती हळूच म्हणाली. "माझा हात म्हणतो सहाशेसुद्धा नाही."

पिल्लाला लोकरीत गुंडाळून तिने खुर्चीवर ठेवलं. ओट्याखालून साखरेचा एक किलोचा न फोडलेला पुडा काढून माझ्या पारड्यात ठेवला. सरकतं वजन एक किलोवर आणलं. दांडी सरळ. अकराशेवर नेलं. दांडी सरळ. नऊशेवर आणलं. तरी सरळ.

"अरे," ती म्हणाली, "तू तर सगळ्यालाच हो म्हणतोस."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पिल्लाला छातीशी धरून ती चपला घालून निघाली. घाईत ताटली तशीच राहिली. थोड्या वेळाने बोका आला, निवांत बसून जेवला आणि माझ्याकडे बघत मिशा पुसू लागला. त्या घरात तेव्हा आम्ही दोघंच होतो, तो आणि मी. आणि मला वाटलं, आमच्यात तसा फारसा फरक नाही.

ती परत आली तेव्हा हात रिकामे होते. तिने मुलीला फोन लावला. "पाचशे नव्वद भरली. ठेवून घेतलंय, सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर... चाळीस वर्षं मी बायकांना सांगत आले गं, काट्याकडे बघा, मनाचं ऐकू नका. आणि मीच..."

"आई, मी येते," मुलगी म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बॅग घेऊन दारात होती.

सिस्टरने तिला चहा दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेवढा तो काटा माळ्यावर टाक. मला समोर नको."

मुलीने मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर, रिकाम्या डब्यांच्या मागे ठेवलं. सामानाच्या खोलीत मी दोन वर्षं काढली होती, पण तेव्हा मला कुणी नकोसा म्हणून ठेवलं नव्हतं. नवीन आलं, जुनं मागे गेलं, इतकंच. या वेळी मला शिक्षा झाली होती आणि ती शिक्षा बरोबर आहे हे मला माहीत होतं.

माळ्यावर फक्त आवाज येतात. तिसऱ्या दिवशी गंजलेल्या बिजागरीचा आवाज आला, अगदी बारीक. सिस्टर खाणं कोमट करून नाकापाशी धरत होती, "वास आला का गं? बघ की जरा." पिल्लू घरात नसतानाही ताटली रिकामी झालेली सिस्टरने पाहिली होती, म्हणून सुतार आला आणि खिडकीला जाळी ठोकून गेला. मुलगी परत जाताना म्हणाली, "रोज फोटो पाठव." "माझा?" "नाही, तिचा." मी वर चादरीत होतो, तरी तेवढ्या एका वाक्याने जुनी जखम ठसठसली. बघा, शरम वाटली म्हणून हेवा जातो असं नाही. दोघं शेजारी शेजारी राहतात.

मुलीने एक चपटा, काचेचा, बॅटरीवरचा काटा आणून दिला होता. म्हणजे आता हेवा करायला दोघं झाले. सुरुवातीला त्याचं बरं चाललं. पण पिल्लू बरं झालं, तरतरीत झालं आणि काचेवर उभं राहीना. "अगं थांब! नऊशे... अकराशे... आता सातशे? या काट्याला दम म्हणून नाही!" असं रोज खालून ऐकू यायचं. होडीसारखं पारडं कशासाठी असतं हे त्या काचेला कुठून कळणार? मी वर बसून हसत होतो. थोडंसंच.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी माळ्याला शिडी लागली. सिस्टरने स्वतः चढून मला खाली घेतलं, पुसलं आणि पिशवीत घातलं.

काटे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान एका बोळात होतं. कारागीर बुटका, नाकावर भिंग लावलेला. त्याने मला उलटं केलं, धार काढली आणि उजेडात धरली. "पडला होता का?"

"मांजराने पाडला."

"मग मांजरालाही आणायचं होतं. दोघांना एकमेकांची माफी मागायला लावली असती."

सिस्टर हसली नाही. "खोटं बोलला हो हा माझ्याशी. पिल्लू मरत होतं आणि हा वाढलंय म्हणत होता."

कारागिराने भिंग वर केलं. "बाई, काटा खोटं बोलत नाही. काटा अडकतो. अडकलेल्या काट्यावर माणूस आपल्याला हवं ते वाचतो."

ती म्हणाली, "खरं आहे. मला वाढलेलंच बघायचं होतं."

त्याने मला निर्दोष सोडलं आणि सगळा दोष सिस्टरने अंगावर घेतला. दुकानात मला उठून ओरडावंसं वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो, पण खोट्यावर खूश झालो होतो, हे त्या दोघांना कधीच कळणार नव्हतं. म्हणून ते तुम्हाला सांगितलं.

नवीन धार बसली. मी घरी आलो. सिस्टरने आधी साखरेचा पुडा ठेवला, मागेपुढे करून पाहिलं, मगच पिल्लाला ठेवलं. पुढेही रोज तसंच. आधी साखर, मग तळहातावर तोलून पाहणं, मग मी. पूर्वी तिने मला कधी असं तपासलं नव्हतं. मला ते लागतं, पण मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मांजराचं पिल्लू येणार असेल, तर एवढं ऐका. पहिले काही दिवस ते लपेल, त्याला ओढू नका. ते ओरबाडेल, पडदे फाडेल, तुमची झोप मोडेल. त्याने खाल्लं की नाही हे ताटलीवरून ठरवू नका, स्वतः बसून बघा. त्याच्या पाठीवरून रोज हात फिरवा, कारण हाताला जे कळतं ते कधी कधी काट्यालाही कळत नाही. आणि घरात त्याच्या आधीपासून कुणी असेल, मोठं भावंड, म्हातारा कुत्रा, आजोबा, कुणीही, तर त्यालाही दिवसातून एकदा विचारा, तू ठीक आहेस ना. त्याला हेवा वाटला तर रागवू नका. आणि तुम्हालाच कुणाचा हेवा वाटत असेल, तर वाटू द्या, पण त्याचं वाईट होताना आत कुठे सुखावताय का, तेवढं तपासा. ते एकदा तपासायचं राहिलं की फार महाग पडतं.

मला अजून हेवा वाटतो. लोकर अजून तिचीच आहे आणि सिस्टरची मांडीही तिचीच. छटाक आता सहा महिन्यांची झाली. आज सकाळी ती दोन किलो दोनशे ऐंशी भरली, म्हणजे कालपेक्षा तीस ग्रॅम कमी. मी तीस कमीच सांगितले. सिस्टरने वहीत लिहिलंही नाही. लगेच चष्मा लावला, छटाकचं तोंड उघडलं आणि आत बघून म्हणाली, "हिरडी सुजलीये गं. दात बदलतायत तुझे, म्हणून कालचं खाणं टाकलंस होय? थांब, मऊ करून देते." ती ओट्याकडे गेली. छटाक पारड्यातच बसून राहिली आणि तिने एकदा डोकं झटकलं. माझ्या पत्र्यावर टिक असा बारीक आवाज झाला. तांदळाच्या कणीएवढा दुधाचा दात होता. माझी दांडी जरासुद्धा हलली नाही, पण मी मात्र सिस्टर परत येईपर्यंत तो सांभाळून ठेवला.